पोलीस ठाण्यातून फोन आला, गेलो, माफीनामा लिहून दिला. आता काय करू?

वर्कशॉपवाला:
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे गाड्यांच्या विभागात असतो, ऑइल कधी बदलायचं, क्लच का घसरतो वगैरे. आजचा विषय वेगळा आहे आणि सांगायची थोडी लाजही वाटते.

वय ६२. एसटीच्या वर्कशॉपात ३३ वर्षं काढली, हेड मेकॅनिक म्हणून बाहेर पडलो. तालुक्याच्या गावी राहतो. आमच्या वॉर्डाचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. गेल्या महिन्यात गल्लीच्या तोंडाशी पाणीयोजनेचा ‘काम पूर्ण’ असा फलक लागला. त्याला हार घातला, फोटो झाले, पेढे वाटले. पाइप अजून चरीच्या कडेला पडलेत, त्यांच्या सावलीत कुत्री झोपतात. मी एक फोटो फलकाचा काढला, एक पाइपांचा, आणि खाली लिहिलं, ‘नळाला पाणी नाही, पण फलकाला हार आहे.’ बस. कुणाचं नाव नाही, जातधर्म नाही, शिवी नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदाराचा फोन. ‘काका, साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा.’ पोरगा माझ्या वर्गमित्राचा. म्हणून काही न विचारता गेलो. अकराला बाकावर बसलो ते चार वाजले. आत गेल्यावर कळलं की माझ्याविरुद्ध अर्ज आलाय. कुणाचा, ते सांगता येणार नाही म्हणाले. दाखवलाही नाही. फोन मागितला, दिला. लॉकचा आकडा विचारला, तोही सांगितला. गॅलरी वरखाली करत बसले. त्यात बायकोचे दवाखान्याचे रिपोर्ट होते, तेसुद्धा मोठे करून पाहिले. मग ग्रुप ॲडमिनला फोन लावून पोस्ट काढायला लावली आणि माझ्यापुढे कोरा कागद ठेवला. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘माझ्या पोस्टमुळे समाजात तेढ निर्माण झाली असून, यापुढे असे करणार नाही.’ मध्येच मी विचारलं, तेढमधला ढ ना? चूक होऊ नये म्हणून विचारलं हो! ते आठवलं की अजून रात्री झोप उडते. सही केली. प्रत मिळाली नाही.

मुलगा पुण्यात असतो, त्याचं म्हणणं, बाबा, गप्प बसा. बायको काहीच बोलली नाही, फक्त माझ्या फोनच्या लॉकचा आकडा बदलून दिला. ॲडमिन मेडिकलवाला आहे. तो इतका घाबरलाय की ग्रुपवर आता फक्त ॲडमिनच लिहू शकतो. रोज सकाळी तोच सुप्रभात घालतो आणि दिवसभर शुकशुकाट.

विचारायचं एवढंच, की मी गुन्हा केला का? तो कागद पुढे माझ्याविरुद्ध वापरतील का? आणि तो परत मिळतो का? कृपा करून कुणी टिळक-आगरकर काढू नका. मी केसरी चालवत नाही, पाइपांचा फोटो टाकलाय.

काळा_डगला:
काका, तालुका कोर्टात १७ वर्षं वकिली करतोय. असे फोन आठवड्याला एखादा ऐकतो. तुमचा दिवस गेला त्याचं वाईट वाटलं. आता मुद्द्याचं.

गुन्हा केलेला नाही. घटनेच्या १९(१)(क)मध्ये बोलण्याचा हक्क आहे आणि १९(२)मध्ये सरकार कोणत्या कारणांसाठी त्याला आळा घालू शकतं ती यादी आहे. देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता-नीती, न्यायालयाचा अवमान, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी. यादी इथे संपते. कुणाला झोंबलं, साहेबांना राग आला, हारवाल्यांचा हिरमोड झाला, यातलं काहीही त्यात नाही. आणि यादीतलं कारण असलं तरी आळा घालायला कायदा लागतो. फोन म्हणजे कायदा नव्हे.

तेढ म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, जुनं १५३अ. त्याला दोन समाजगट लागतात, धर्म, जात, भाषा असल्या आधारावरचे. तुमच्या फोटोत दोन गट शोधायचे तर एक पाइप आणि दुसरा फलक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांनी कलम ३७० हटवल्याबद्दल ‘काळा दिवस’ असं स्टेटस ठेवलं होतं, त्यावर १५३अ लावलं. मार्च २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने तो गुन्हा रद्द केला आणि पोलिसांनाच भाषणस्वातंत्र्य शिकवायची वेळ आलीय असं सुनावलं. त्यापुढे तुमचा हार काय! समजा कुणाची बदनामी झाली असं धरलं, तरी ती अदखलपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

तुम्हाला साठ पूर्ण झालीत. चौकशीसाठी साक्षीदाराला बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९प्रमाणे लेखी आदेश लागतो, आणि साठीवरच्या माणसाला राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहायची सक्ती करता येत नाही. त्यांनी तुमच्या घरी यायला हवं होतं. संशयित म्हणून बोलवायचं असेल तर कलम ३५(३)ची नोटीस, तीही हातात. ती व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२५मध्ये स्पष्ट केलंय. बाकीही बऱ्याच गोष्टी आहेत, पण तुमच्या कामाची गोष्ट एकच. पुढच्या वेळी फोन आला की नम्रपणे म्हणायचं, ‘साहेब, लेखी पाठवा, लगेच उत्तर देतो.’ दहापैकी आठ वेळा कागद येतच नाही, कारण त्यावर कलम घालावं लागतं.

माफीनाम्याचं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. साक्ष अधिनियमाचं कलम २३, इंग्रजांच्या कायद्यात २५ होतं. त्यांनासुद्धा आपल्या ठाण्यांवर भरवसा नव्हता. पण तो कागद तुमच्या नावाच्या फाइलला राहील आणि उद्या चॅप्टर केस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीची हमी घ्यायची कारवाई, करायची झाली तर बाहेर निघेल. म्हणून आत्ताच त्याच्यावर तुमचा कागद चढवा. पोलीस अधीक्षकांना साधा अर्ज. अमुक तारखेला, अमुक वाजता बोलावलं, इतका वेळ बसवलं, सांगून लिहून घेतलं, ते लिखाण माझ्या इच्छेने नाही, मी ते मागे घेतो, अर्जाची प्रत द्या. आणि शेवटी त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रण १८ महिने ठेवावं, असा सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०२०चा आदेश आहे. ही शेवटची ओळ वाचून चांगले चांगले सरळ होतात.

ॲडमिनला सांगा की सभासदाने काही टाकलं म्हणून ॲडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१चा निकाल आहे. सुप्रभात बंद करायला हरकत नाही.

खाकीतून_निवृत्त:
वकीलसाहेब बरोबर बोलतात, पण ठाण्यात बसून बघा. मी ३० वर्षं बघितलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आलीय असली मोबाइलवरची अफवा, आणि जमावाने पाच निष्पाप माणसं ठेचून मारली. दुसऱ्या दिवशी सगळे विचारत होते, पोलीस काय करत होते? म्हणून अर्ज आला की आम्ही बोलावतो, समजावतो, लिहून घेतो, प्रकरण मिटतं. गुन्हा नोंदवला असता तर काकांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या असत्या. एका अर्थी सांभाळूनच घेतलं म्हणा. बायकोचे रिपोर्ट पाहिले ते मात्र चूक. ते आमच्या वेळीही कुणी खपवून घेतलं नसतं.

वर्कशॉपवाला:
साहेब, तुमचा मान ठेवून बोलतो. राईनपाड्याला खोटी बातमी होती. माझ्या फोटोतले पाइप खोटे नाहीत, आजही येऊन बघा.

आमच्याकडे ड्रायव्हर ड्यूटी संपवून आला की वहीत लिहायचा, ब्रेक उशिरा लागतो, स्टेअरिंग उजवीकडे ओढतं. आम्ही गाडी पिटवर घ्यायचो. काही ड्रायव्हर उगाच लिहायचे, तेही कळायचं, तरी गाडी बघावीच लागायची. एका आगारात एक साहेब आले, त्यांना वहीत तक्रारी दिसलेल्या आवडत नसत. जो लिहील त्याला केबिनमध्ये घ्यायचे. दोन महिन्यांत वही कोरी. साहेब खूश. त्या दोन महिन्यांत मी जितके घासून संपलेले ब्रेक लायनर बदलले तितके आधीच्या वर्षभरात बदलले नव्हते. ड्रायव्हर तोंडी येऊन सांगायचे, हळूच, चहाच्या टपरीमागे.

आणि सांभाळून घेतलं म्हणता, तर गुन्हाच नव्हता तर सांभाळलं कशापासून? त्यापेक्षा गुन्हा नोंदवला असता तर निदान हातात एक नंबर आला असता. आत्ता माझ्या हातात काहीच नाही. मी त्या दिवशी ठाण्यात होतो हेसुद्धा मी कुणाला दाखवू शकत नाही.

काळा_डगला:
काकांनी माझं काम केलं. एकच भर घालतो. आयटी कायद्यातलं ६६अ कलम रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा २०१५चा निकाल याच मुद्द्यावर आहे. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा प्रचार करणं वेगळं आणि चिथावणी वेगळी, हात घालायचा तो चिथावणीला. राईनपाड्याची अफवा तिकडे जाते, हार इकडे राहतो. त्या निकालामागे पालघरचं २०१२चं प्रकरण होतं, आठवत असेल. मुंबई बंद पडली त्यावर एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं, दोघींना अटक. पुढे पोलीस अधिकारीच निलंबित झाले. दबाव टाकणारे सुटतात आणि सही करणारा अधिकारी अडकतो, हे खाकीवाल्यांनीही ध्यानात ठेवावं. मार्च २०२५च्या निकालात, खासदार इम्रान प्रतापगढींच्या कवितेच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने अधिकाऱ्यांना एक सोय दाखवून दिलीय. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचं कलम असेल आणि प्रश्न बोलण्या-लिहिण्याचा असेल, तर आधी उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करा. म्हणजे वरून फोन आला तर ‘चौकशी चालू आहे’ म्हणायला कायदेशीर जागा आहे.

आणि काका, तुम्ही नको म्हणालात तरी टिळक काढतोच. मंडालेचं सगळ्यांना माहीत असतं, १९१६चं विसरतात. बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवरून सरकारने त्यांच्याकडे चांगल्या वर्तणुकीची हमी मागितली. २०,००० रुपयांचा स्वतःचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन. शिक्षा नाही बरं का, नुसतं ‘यापुढे असे करणार नाही’. बॅ. जिनांनी बाजू मांडली आणि मुंबई हायकोर्टाने तो आदेश रद्द केला. ही हमी ज्या १०८ कलमाखाली मागितली, ते नंबर बदलून नागरिक सुरक्षा संहितेत १२७ झालंय, अजून जागेवर आहे. तुमच्याकडून घेतला तो कागद याच खानदानातला. फरक इतकाच की टिळकांकडे मॅजिस्ट्रेटचा लेखी आदेश होता, म्हणून हायकोर्टात दाद मागता आली.

खडू_फळा:
जिल्हा परिषद शिक्षिका आहे, म्हणून टोपणनावाने. आम्हाला वर्तणूक नियम लागू आहेत, १९६७चे. त्यामुळे काकांसारखा फोटो मी टाकू शकत नाही, माझ्या बाबतीत खात्याची नोटीस येते आणि ती मात्र लेखी असते, अगदी जावक क्रमांकासकट. वाचून एक विचारावंसं वाटलं. काका, फोनचा लॉक उघडून द्यायला ‘नाही’ म्हणता येतं का? मला तर त्याचीच जास्त भीती. फोनमध्ये वर्गातल्या मुलींच्या पालकांचे नंबर आहेत, त्यांनी विश्वासाने सांगितलेलं काय काय आहे.

काळा_डगला:
ताई, नुसतं ‘दाखवा जरा’ म्हटल्यावर द्यायची सक्ती नाही. घ्यायचाच असेल तर जप्तीचा पंचनामा, पंच, पावती, आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे जप्तीचं चित्रीकरणही. एवढं सगळं पाइपांच्या फोटोसाठी कुणी करत नाही. ‘पंचनामा करून घ्या’ एवढंच म्हणायचं, आवाज न चढवता.

वर्कशॉपवाला:
बारा दिवसांनी लिहितोय, माफ करा.

वकीलसाहेबांनी सांगितला तसा अर्ज लिहिला. बायकोने शुद्धलेखन तपासलं. एक प्रत अधीक्षकांना, एक ठाण्यात. ठाण्यातली घेऊन स्वतः गेलो. ठाणे अंमलदाराने वाचली, सीसीटीव्हीच्या ओळीपर्यंत आला आणि म्हणाला, साहेब बाहेर गेलेत, उद्या या. पोच द्या म्हटलं तर शिक्का सापडेना. टेबलावरच होता, मी दाखवला नाही. पोस्ट ऑफिस समोरच आहे. दोन्ही प्रती स्पीड पोस्टाने पाठवल्या, पावत्या एलआयसीच्या फाइलला लावल्या.

चौथ्या दिवशी हवालदाराचा फोन. ‘काका, एवढं कशाला, आपलं घरचं होतं, मला एक फोन करायचा.’ मी म्हटलं, बाळा, जे असेल ते लेखी पाठव, लगेच उत्तर देतो. आवाज थोडा कापला माझा, खोटं कशाला सांगू. पलीकडे जरा वेळ शांतता, मग ‘बरं’ म्हणाला. तेव्हापासून फोन नाही, कागदही नाही. माझा माफीनामा अजून त्यांच्याकडेच आहे.

मुलाला सगळं सांगितलं. रागावला. मग रात्री त्याचाच मेसेज, अर्जाचा फोटो पाठवा, माझ्याकडेही एक प्रत राहू दे.

मेडिकलवाल्याने ग्रुप अजून उघडला नाही. म्हणून काल तेच दोन फोटो मी माझ्या स्टेटसला ठेवले, नवे काढून. हार वाळलाय, पाइप तिथेच. या वेळी खाली काही लिहिलं नाही. सकाळपर्यंत ४१ जणांनी पाहिलं, त्यात हवालदारही आहे.