फणसाच्या बेचक्यात गुलाबी बुरशी : झाड वाचवायला मदत हवी आहे

भिरंडसोल (२४ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी,

दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या अलीकडे आमचं घर आणि दीड एकराचं कुळागर आहे. आत सुपारी, नारळ, मिरवेली. कडेनं आजोबांच्याही आधीची झाडं : दोन कापे फणस, एक बरका, सात भिरंडी म्हणजे कोकमाची झाडं, करमळ, किंदळ. वरच्या उतारावर पूर्वी रान होतं. पाच वर्षांपूर्वी ते साफ करून तिथे रबर लावलं. मालक आमचेच शेजारी, पण जमीन कराराने दिलेली आहे आणि लागवड बाहेरून आलेले लोक बघतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास एका भिरंडीची अख्खी फांदी तांबूस पडली. पानं वाळली, पण गळली नाहीत, तशीच लटकून राहिली. आम्हाला वाटलं, वीज चाटून गेली असेल. यंदा जुलैत दुसऱ्या दोन भिरंडींवर तेच. आणि आता मोठ्या काप्या फणसावर.

मी शिडी लावून पहिल्या बेचक्यापर्यंत चढलो. दिसलं ते असं : फांदी जिथे खोडातून फुटते तिथे खालच्या, सावलीच्या अंगाला पांढरे रेशमासारखे धागे, ओल्या कोळिष्टकासारखे सालीला चिकटलेले. वीतभर वर तेच धागे दाट होऊन गुलाबी झाले होते. भिंतीला चुन्यात थोडा गेरू कालवून पातळ हात मारावा तसा थर. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला, खाली साल काळपट आणि नरम. त्याच्याही वर साल उभी तडकलेली आणि चीक गळून वाळलेला. तडकलेल्या भागाच्या खालून मात्र चार नवे कोंब फुटले आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी औषधांच्या दुकानात फोटो दाखवला. त्यांनी "भिरूड आहे", म्हणजे खोड पोखरणारी अळी, म्हणून कीटकनाशक दिलं. आठशे रुपये गेले. दोनदा मारलं, काही फरक नाही. भोक कुठे दिसत नाही, भुसाही पडलेला नाही, म्हणून मला ते निदान पटत नाही.

मला चार गोष्टी कळायला हव्या आहेत.

हा रोग कोणता? साठ फुटी फणसाच्या वरच्या बेचक्यांत औषध पोचवायचं कसं? फांदी कापावीच लागेल का? (आई म्हणते, "फणसाक कोयतो लावू नको." ह्या झाडाचे गरे खाऊन आमच्या घरातल्या तीन पिढ्या वाढल्या, तिचं म्हणणं मी टाकून देऊ शकत नाही.) आणि शेवटचं, रबराच्या बागेत वाटेवरूनच मला तीन झाडांच्या बेचक्यात हाच गुलाबी रंग दिसला. रोग तिथून आला असेल तर मी त्यांच्याशी काय बोलू?

लवकर सांगा. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

काजूगर (२४ ऑगस्ट)

वर्णन इतकं नेमकं आहे की फोटो नसला तरी चालेल. हा गुलाबी रोग, आमच्याकडे सरळ पिंक डिसीज म्हणतात. वेंगुर्ल्याकडे काजूवर आणि आंब्यावर मी तो पंचवीस वर्षं बघतोय. भिरूड असती तर भोकातून भुसा बाहेर पडला असता, तुम्ही ते बरोबर ओळखलंत. कीटकनाशक बंद करा, बुरशीला ते काहीच करत नाही.

फांदी कापावी लागेल. आईंना सांगा, अख्खं झाड वाचवायचं तर ती फांदी द्यावी लागते. सालीत बुरशी शिरून फांदी भोवताली वेढली गेली की वर अन्नपाणी जात नाही, म्हणून पानं लटकून वाळतात. ती फांदी परत हिरवी होत नाही. खालून फुटलेले कोंब मात्र ठेवा, त्यातला जोमदार एक पुढे तिची जागा घेईल.

करमळ (२५ ऑगस्ट)

वनशास्त्र शिकलेय आणि काही वर्षं केरळात काम केलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बुरशीचं नाव एरिथ्रिसियम सालमोनिकलर, जुन्या पुस्तकांत कॉर्टिसियम. सालमन माशाच्या मांसासारखा रंग, म्हणून ते नाव. हिला एकच एक झाड लागत नाही. रबर, कॉफी, कोको, आंबा, फणस, काजू, कोकम, साग, निलगिरी, सगळ्यांवर येते. केरळात जास्त पावसाच्या पट्ट्यात सत्तरच्या दशकात निलगिरीची लागवड हिनेच मोठ्या प्रमाणावर मारली. तिला हवी ती ओल, सावली आणि खेळती हवा नसलेली जागा. बेचक्यात पाणी साचून साल दिवसभर सुकत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच होते.

आता रबराचं. साधारण दोन ते सात वर्षांच्या कोवळ्या रबरावर हा रोग सर्वात जास्त येतो, आणि आपल्याकडे सर्रास लागलेला आरआरआयआय १०५ हा वाण ह्याला लवकर बळी पडतो. पाच वर्षांची बाग म्हणजे नेमकं तेच वय. बीजाणू वारा-पावसाबरोबर उडतात, त्यामुळे वरच्या उतारावरून तुमच्याकडे येणं शक्य आहे. पण दादा, "तुम्ही रोग आणलात" असं त्यांना म्हणू नका. ही बुरशी रबर येण्याआधीही कोकणात होती, एखाद्या काजूवर, एखाद्या आंब्यावर. रानात झाडं वेगवेगळी आणि विखुरलेली असतात, म्हणून बुरशी एका जागी माजत नाही. एकाच वयाची, एकाच वाणाची शेकडो झाडं ओळीनं उभी केली की तिला मेजवानी मिळते. रान गेल्याचं दुःख मलाही आहे. पण त्यांचीही झाडं मरतायत, तुम्ही दोघांनी एकाच आठवड्यात काम केलंत तरच दोघांचं वाचेल.

उपाय : जिथवर रोग दिसतो त्याच्या खाली निदान वीतभर निरोगी लाकूड घेऊन फांदी कापा. पाऊस दोन दिवस उघडेल तेव्हाच. प्रत्येक कापानंतर करवत पुसून घ्या. कापलेलं लाकूड बागेत ठेवू नका, जाळा. कापावर आणि आजूबाजूच्या सगळ्या बेचक्यांना बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. जिथे फक्त पांढरे धागे दिसतायत, साल अजून घट्ट आहे, तिथे कापू नका. हलकं खरवडून पेस्ट लावा, बरीचशी वाचतात.

पुढच्या वर्षी मे अखेर, पाऊस पडायच्या आधी, सगळ्या झाडांच्या बेचक्यांना पेस्ट लावून ठेवा. खरं काम तेच आहे. जुन्या पुस्तकांत ट्रायडेमॉर्फ लिहिलेलं सापडेल. त्यावर २०१८ साली देशात बंदी आली आहे, कोणी कपाटातलं काढून दिलं तर घेऊ नका.

काजूगर (२५ ऑगस्ट)

ताईंनी छान लिहिलंय. पेस्टबद्दल दोन शब्द, कारण इथेच लोक चुकतात. मोरचूद पाच लिटरमध्ये वेगळी विरघळवा, चुना पाच लिटरमध्ये वेगळा. प्लास्टिकची बादली, लोखंडाची किंवा पत्र्याची नको. मोरचुदीचं पाणी चुन्यात हळूहळू ओतत काठीनं ढवळा. मग घासून चकचकीत केलेलं कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवा. त्यावर तांबडा थर आला तर चुना कमी आहे, अजून घाला. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी धरत नाही.

साठ फुटांवर शिडीनं जाऊ नका. ओल्या फणसावरून माणूस पडलेला मी पाहिला आहे. नारळ काढणारा पाडेली दोर बांधून चढेल, त्याच्या कमरेला पेस्टचा डबा आणि ब्रश द्या. जिथे तोही जाऊ शकत नाही तिथे सुपारीच्या कोळेरोगाला मारतो तोच एक टक्क्याचा बोर्डो, म्हणजे शंभर लिटरला एक-एक किलो, उंच पंपानं. पेस्टइतका तो टिकत नाही.

शंका राहिली तर सालीचा तुकडा कागदात गुंडाळून वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात न्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, सडतो.

भिरंडसोल (३१ ऑगस्ट)

दोघांचेही मनापासून आभार. आज सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

आईला मी फणसाखाली नेलं आणि दुर्बिणीतून ती वाळलेली पानं दाखवली. बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "काप, पण खालचे कोंब मोडू नको." शुक्रवारी सकाळी ऊन पडलं तेव्हा पाडेल्यानं मनगटाएवढ्या दोन फांद्या उतरवल्या. भिरंडीच्या तीन फांद्या मीच काढल्या. पेस्टच्या पहिल्या बादलीत पातं तांबडं झालं, चुना वाढवला, मग स्वच्छ निघालं.

रबरवाल्यांकडे गेलो होतो. देखरेख करणारे गृहस्थ केरळातल्या मलप्पुरमचे आहेत, हिंदीत बोललो. "पिंक" म्हटल्यावर लगेच समजले. त्यांनी वरच्या ओळी तपासल्या तर बावीस झाडं निघाली. आमच्या बांधाला लागून असलेल्या चार ओळींना ते ह्याच आठवड्यात पेस्ट लावणार आहेत, मे महिन्यात दोन्हीकडे एकदम लावायचं ठरलंय. फांद्या त्यांनी बांधावर टाकल्या होत्या, त्या उचलून जाळायला मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

अजून एक विचारायचं राहिलं. कुळागराच्या खालून वहाळ जातो, त्यात मळ्ये मासे आणि खेकडे आहेत, मुलं तिथेच खेळतात. फणस बरोबर त्याच्यावर वाकलेला आहे. पंप मारला तर औषध पाण्यात पडणार. काय करू?

करमळ (३१ ऑगस्ट)

वहाळावर पंप मारूच नका. तांबं माशांना विषारी आहे, थोडंसुद्धा. त्या बाजूच्या फांद्यांना फक्त ब्रशनं पेस्ट, आणि बादल्या, ब्रश वहाळात धुवायचे नाहीत, धुतलेलं पाणी लांब खड्ड्यात ओता. जी बेचकी ब्रशला पोचत नाहीत ती यंदा तशीच राहू द्या, दर आठ दिवसांनी दुर्बिणीतून पाहा. ऑक्टोबरात ऊन तापलं की गुलाबी थर फिका पडून पांढरट होतो. तेव्हा बरा झाला समजून सोडू नका, सालीत बुरशी जिवंत असते. त्या जागा आत्ताच चुन्याच्या ठिपक्यानं नाहीतर कागदावर खुणा करून ठेवा.

भिरंडसोल (१ सप्टेंबर)

समजलं. वहीत झाडाचं चित्र काढून अकरा जागा मांडल्या आहेत. दोडामार्ग, सावंतवाडी किंवा पलीकडे डिचोलीकडून फणसावर दोर बांधून चढणारा माणूस कुणाच्या माहितीत असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. आमच्या पाडेल्याचं वय झालंय, वहाळावरच्या फांदीवर त्याला पुन्हा पाठवायला जीव होत नाही.