शिकागोची थंडी: निशिगंध, डेलिया, ट्युलिप – आधी काय उरकू? (मदत हवी आहे)

अंगणवेडी
नमस्कार मंडळी,
शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. झोन ५ब म्हणा नाहीतर ६अ, अमेरिकी कृषी खात्याच्या २०२३च्या थंडीच्या झोनच्या नकाशात आम्ही अगदी सीमेवर येतो. ऑक्टोबर अर्धा सरला आणि पुढच्या आठवड्यात रात्री पारा ३० फॅरनहाइटच्या (म्हणजे गोठणबिंदूच्याही) खाली दाखवताहेत. कामं ढीगभर, शनिवार-रविवार मोजके. कशाला आधी हात घालू?

सगळ्यात जास्त काळजी निशिगंधाची. मोठ्या कुंडीत डबलचे (भरगच्च पाकळ्यांच्या जातीचे) कांदे मेमध्ये लावले. पात भरघोस आली, पण दांडे निघाले ते सप्टेंबर संपताना. आता कळ्या टपोऱ्या आहेत, टोकाला गुलाबी झाक आहे, उमलायचं मात्र नाव नाही. दांडे कापून फुलदाणीत ठेवले तर फुलतील का? आणि नंतर कांद्यांचं काय करायचं? सासूबाई साताऱ्याहून सांगतात, "राहू दे गं मातीतच, तीन-तीन वर्षं हात लावत नाही आम्ही." त्यांचं खरंच आहे, पण इथली माती जानेवारीत कुदळीला दाद देत नाही.

डेलिया अजून फुलतोय, त्यामुळे उपटायला मन होत नाही. ट्युलिपचे ५० कांदे पिशवीत पडून आहेत. आमच्या गल्लीतल्या खारी म्हणजे दरोडेखोर! निळ्या हायड्रेंजियाच्या झुडपाला उन्हाळाभर नुसती पानं, फूल नाही. त्याला आता छाटू का?

जागा म्हणाल तर गराज आहे (गरम होत नाही, आत पाणी गोठतं) आणि बेसमेंट आहे. कढीपत्ता-मोगरा आधीच घरात आलेत, त्यांच्या पानगळीचं रडगाणं वेगळ्या धाग्यावर गाईन.

मातीचे_हात
निशिगंध आजच आत घ्या, बाकी सगळं थांबेल. दांडे कापू नका. खालची एक-दोन फुलं उमलल्यावर कापलेला दांडा पुढे फुलत जातो. घट्ट कळ्यांचा कापला तर बहुतेक कळ्या तशाच सुकतात. तुमची कुंडीच आहे ना, मग अख्खी उचला आणि दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. घर दरवळेल.

फुलं संपली की पाणी हळूहळू तोडा. पात पिवळी पडून वाळली की कापा आणि कुंडी तशीच कोरडी बेसमेंटमध्ये, फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या भट्टीच्या) बाजूला. गराजमध्ये अजिबात नको, निशिगंधाच्या कांद्याला ६० फॅरनहाइटच्या वरची ऊब लागते. एकदा फुललेला कांदा पुन्हा फुलत नाही, त्याच्या कडेची पिल्लं पोसून मोठी झाली की ती फुलतात. म्हणून वसंतात झुबका सोडवून जाडजूड कांदे निवडा. मार्चअखेरीस घरातच कुंडीत लावलेत तर ऑगस्टमध्ये दांडे दिसतील. आपल्या उत्तरेकडे मेमध्ये लावणं म्हणजे उशीरच.

मिशिगनकर
डेलियाला घाई नको. पहिल्या कडक फ्रॉस्टने (गोठवणाऱ्या दहिवराने) झाड काळं पडू दे. मग खोड वीतभर ठेवून कापा, आठवडाभर जमिनीतच राहू दे आणि नंतर लांबून खणायचा काटा घालून सगळा गड्डा उचला. मान मोडलेला कंद ठेवून उपयोग नाही, कारण डोळे मानेवरच असतात. जरा सुकवून, खोक्यात पीट मॉस (कुजलेल्या शेवाळाचा भुगा) किंवा लाकडाच्या भुशात पुरून ठेवा. याला ४० ते ५० फॅरनहाइट लागतं, म्हणजे बेसमेंटचा सगळ्यात गार कोपरा, फर्नेसपासून लांब. निशिगंध आणि डेलिया एकाच खोक्यात नकोत. महिन्यातून एकदा उघडून बघा. सुरकुतले तर पाण्याचा शिपका मारा, कुजका दिसला की फेकून द्या.

ट्युलिप जमीन गोठेपर्यंत कधीही लावता येतात. ६ ते ८ इंच खोल, टोक वर. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदांशेजारी नको, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. खारींसाठी मातीवर कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी अंथरा आणि कांद्यांची गळलेली सालं वेचून घ्या, त्या वासावरच त्या येतात. मी तर कंटाळून डॅफोडिलच लावतो, विषारी असल्यामुळे खारी तोंड लावत नाहीत.

अंगणवेडी
कुंडी आली आत! नवऱ्याची कंबर आणि माझी बोलणी, दोन्ही कामी आली. मग ट्युलिपवर मल्च (पाला-भुशाचं आच्छादन) लगेच घालू ना? आणि हायड्रेंजिया?

मातीचे_हात
लगेच नाही. मल्च जमिनीला ऊब द्यायला घालतात असं वाटतं, पण इथे ते गोठलेली जमीन गोठलेली ठेवायला असतं. दिवसा वितळणं, रात्री गोठणं, या खेळात माती फुगते आणि उथळ मुळांची झाडं वर ढकलली जातात. आधीच पांघरूण घातलंत तर उंदरांना आयतं बिऱ्हाड मिळतं. थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतर), जमीन कडक झाली की घाला.

हायड्रेंजियाला कात्री लावू नका. निळ्या मोठ्या पानांच्या जातीच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्याच्या शेवटीच काड्यांवर तयार होतात आणि त्या थंडीने जळतात. म्हणून नुसती पानं. भोवती जाळीचं पिंप करा आणि नोव्हेंबरअखेर त्यात कोरडी पानं भरा. ओकची मिळाली तर उत्तम, मेपलची भिजून चिकटतात.

अंगणवेडी
आमच्याकडे मेपलच आहे, ओक शेजारच्यांकडे. ते पानं पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतात, तर त्यातल्या चार पिशव्या मागून आणते. आणि ते पिंप उघडायचं कधी?

मिशिगनकर
एप्रिलच्या मध्यापासून थोडी थोडी पानं काढा. पूर्ण उघडा मेमध्ये, फ्रॉस्टची भीती गेल्यावर.