‘अंडररायटिंग ट्रेनी, व्हिसासकट’: अशी जागा असते का? माझं मत, नसते

शाहूपुरीकर

परवा रंकाळ्यावर भेळ खाताना मित्रानं मोबाईल पुढं केला. ‘लंडनमध्ये इन्शुरन्स अंडररायटिंग ट्रेनी, व्हिसा स्पॉन्सर, अनुभवाची गरज नाही.’ अंडररायटिंग म्हणजे कुठली जोखीम विम्यात घ्यायची आणि किती प्रीमियमला, ते ठरवायचं काम. खाली एका एजन्सीचा नंबर. मित्र म्हणाला, तू याच धंद्यातला ना, कर की फोन.

मी पाच वर्षं शाहूपुरीत एका जनरल इन्शुरन्स कंपनीच्या ऑफिसात फायर आणि इंजिनिअरिंगच्या पॉलिस्या बघतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळ्या फाउंड्र्या फिरून झाल्या. दीड वर्ष मीही अशाच जागा शोधत होतो. शंभरच्या वर अर्ज, सात उत्तरं, एक मुलाखत. मुलाखतीत चौथ्या मिनिटाला विचारलं, ‘तुम्हाला इथं काम करायची परवानगी आहे का?’ नाही म्हटल्यावर पुढची दहा मिनिटं हवापाण्यावर.

म्हणून माझं मत. ‘ट्रेनी’ आणि ‘स्पॉन्सर’ एका वाक्यात आले की समजा, जागा खोटी तरी आहे किंवा तुमच्यासाठी तरी नाही.

हिशेब बघा. ब्रिटनमध्ये २२ जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्कर व्हिसाला, म्हणजे कंपनीनं स्पॉन्सर करायच्या नोकरीच्या व्हिसाला, सर्वसाधारण किमान पगार वर्षाला ४१,७०० पौंड झाला. एप्रिल २०२४ च्या आधी तो २६,२०० होता. शिवाय काम पदवीच्या पातळीचं लागतं, काही ठरावीक यादीतली कामं सोडून. त्यामुळं आधी आपल्या कामाचा सरकारी यादीतला कोड कुठं बसतो ते बघावं लागतं. वर बाहेरचा माणूस आणला म्हणून कंपनीला सरकारकडं दरवर्षी भरायचा स्किल्स चार्ज, मोठ्या कंपनीला माणशी १,३२० पौंड. एवढा खर्च करून ते कुणाला आणणार? पहिली दोन वर्षं ज्याच्या हातात सहीचा अधिकार नाही, ज्याची प्रत्येक फाईल वरचा माणूस तपासतो, त्याला? तसली पोरं त्यांना तिथंच मिळतात, व्हिसाच्या कागदांची भानगड नसलेली.

अमेरिकेचं तर बोलायलाच नको. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून येणाऱ्या नव्या एच-१बी (तिथला नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर लावले.

आपल्या भाषेत सांगायचं तर ओतीव तुकडा कुणी विमानानं मागवत नाही. मशिनिंग करून, माप लागून तयार झालेला पार्ट मागवतात. इथंच दहा वर्षं घासा, मग बघा. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्द्यानं बोलावं.

थेम्सकाठचा बावडेकर

पटत नाही. मी कसबा बावड्याचा, सध्या लंडनमध्ये स्पेशालिटी अंडररायटिंगमध्ये, आणि स्पॉन्सर व्हिसावरच.

तू कोल्हापुरात बसून दार ठोठावतोयस, म्हणून ते बंद दिसतं. आतल्या बाजूनं ते ढकललं तरी उघडतं. मी विमा आणि जोखीम या विषयात एमएस्सी केलं, मग ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षण संपल्यावर तिथं काम करायला मिळतो त्या व्हिसावर, दोन वर्षं. त्या दोन वर्षांत मालकाला एक पैचाही कागद करावा लागत नाही. एका ब्रोकरकडं टेक्निशियन म्हणून लागलो, स्लिपा, म्हणजे विम्याच्या अटींचे कागद, तयार करायचं काम. पुढं अंडररायटरच्या टीमनं उचललं आणि स्पॉन्सर केलं. शिकून बाहेर पडणाऱ्याला ‘न्यू एन्ट्रंट’चा दर लागतो, म्हणजे ४१,७०० नाही, ३३,४०० पौंड. तुझ्या हिशेबात हा आकडाच नाही.

लाइम स्ट्रीटवर लॉइड्स या विमा बाजाराच्या इमारतीत अजूनही ब्रोकर फाईल घेऊन अंडररायटरच्या ‘बॉक्स’पाशी, म्हणजे त्याच्या टेबलापाशी, जाऊन बसतो. ईमेल आले, प्लॅटफॉर्म आले, तरी समोरासमोर बसून ‘ही रिस्क मी घेतो, पण डिडक्टिबल (नुकसानीतला गिऱ्हाईकानं सोसायचा हिस्सा) वाढव’ असं बोलणं संपलेलं नाही. कॉफीहाऊसातून सुरू झालेला बाजार आहे तो, चहाच्या कपावर माणूस जोखतात. अशा ठिकाणी माणूस बघून घेतात, सीव्ही बघून नाही.

फक्त एक. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच मिळणार. मास्टर्सवाल्यांनी महिने मोजून निघावं.

शाहूपुरीकर

@बावडेकर, दादा, आकडा राहिला हे मान्य. पण फी आणि राहणं धरून किती गेले तेही लिहा. की ते ‘आतल्या बाजूचं’ तिकीट समजायचं?

थेम्सकाठचा बावडेकर

एकूण अठ्ठावीस लाख. शेतावर कर्ज. फिटतंय. लपवायचं काय त्यात?

शाहूपुरीकर

लपवायचं नाही हो. पण मग ही ट्रेनीची जागा ‘मिळाली’ नाही, विकत घेतली. आणि ज्यांनी अठ्ठावीस लाख घातले आणि १८ महिन्यांत टीमनं उचललं नाही, ते इथं येऊन लिहीत नाहीत.

मिसळकट्टा_लक्ष्मीपुरी

भावांनो, एवढं इंग्लंड-इंग्लंड करालाय, माझ्या मावसभावाचं ऐका. त्यानं अशाच एका जाहिरातीला चार लाख दिल्यात. ‘स्पॉन्सर सर्टिफिकेट येतंय, येतंय’ म्हणत आठ म्हैनं गेलं. आता फोन लागत न्हाई. पोरगं अजून पासपोर्टची झेरॉक्स खिशात घेऊन फिरतंय. त्यो ट्रेनी बी न्हाई आणि अंडररायटर बी न्हाई, नुसता अंडर झालाय.

शाहूपुरीकर

@मिसळकट्टा, शेवटचं वाक्य भारी, पण भावाचं वाईट वाटलं. हे सगळ्यांनी वाचा. स्किल्स चार्ज मालकानं कामगाराकडून वसूल करायचाच नाही, असा ब्रिटनचा नियम आहे. स्पॉन्सर सर्टिफिकेटचा खर्चही आता कामगारावर टाकता येत नाही. म्हणजे ‘सर्टिफिकेटचे पैसे द्या’ म्हटलं की तिथंच उठायचं. परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकार फुकट, उघड्यावर ठेवतं. नाव त्यात नसेल तर विषय संपला. असेल तरी थेट कंपनीच्या साईटवर जाऊन ती जागा खरंच आहे का बघायचं, कारण फसवणारे खऱ्या कंपनीचंच नाव वापरतात. आपल्याकडं परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या एजंटाची परराष्ट्र खात्याकडं नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर ती तपासता येते. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये, अधिक जीएसटी. चार लाख कुठं बसतात त्यात?

कागलची सून, मुक्काम दुबई

तुम्हा पोरांना लंडन-न्यूयॉर्कपलीकडं जग दिसत नाही का? आखातात विम्याच्या ऑफिसात दर दुसऱ्या टेबलावर आपला माणूस आहे. इथं नोकरी म्हणजेच व्हिसा, वेगळं ‘स्पॉन्सर करता का’ विचारावं लागत नाही, आणि परवान्याचा खर्चही मालकानंच करायचा असा कायदा आहे.

फक्त ‘ट्रेनी’ शब्द शोधू नका. मी ‘अंडररायटिंग असिस्टंट’ म्हणून आले, मोटर फ्लीटच्या, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याच्या विम्याच्या, कोटेशनवर. ट्रेनीच्या जागा इथं बहुतेक स्थानिक अमिराती मुलांसाठी असतात, कारण विमा कंपन्यांना त्यांना घ्यायचं उद्दिष्ट दिलेलं आहे. ते रास्तच आहे म्हणा, त्यांचा देश. पण असिस्टंट, कोटेशन एक्झिक्युटिव्ह, रीइन्शुरन्स (विमा कंपन्यांचा विमा) अकाउंट्स या नावांच्या जागांवर तीन-चार वर्षांचा भारतातला अनुभव चालतो. त्यामुळं शाहूपुरीकर, तुमची ‘दहा वर्षं घासा’ ही अट मला तरी जास्त वाटते.

खोट कुठली तेही सांगते. नोकरी गेली की व्हिसा गेला. दहा वर्षं राहून माझ्या हातात अजून परतीचं तिकीटच आहे.

मधल्या_आळीचा

ट्रेनी व्हिसा नसतो म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेचा जे-१ नावाचा व्हिसा आहे आणि त्यात ‘ट्रेनी’ अशी वेगळी वर्गवारीच आहे. पदवी आणि देशाबाहेरचा किमान एक वर्ष संबंधित कामाचा अनुभव, किंवा पदवी नसेल तर पाच वर्षांचा अनुभव. मुदत जास्तीत जास्त १८ महिने. एच-१बीसारखी लॉटरी नाही. मी यावरच एका विमा कंपनीत कमर्शियल प्रॉपर्टी शिकून आलो.

इथं स्पॉन्सर म्हणजे कंपनी नसते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं मान्य केलेली वेगळी संस्था असते, आणि कंपनी ही यजमान. कोणत्या महिन्यात काय शिकवणार हे डीएस-७००२ या फॉर्मवर लिहून सह्या कराव्या लागतात. कायमच्या कर्मचाऱ्याची जागा ट्रेनीनं भरायची नाही, हा नियम. म्हणून तिथंच चिकटायच्या आशेनं जाऊ नका. काहींना नंतर दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागायची, पण डिसेंबर २०२४ मध्ये ज्या कौशल्य यादीमुळं ती लागायची तिच्यातून भारताचं नाव निघालं. सरकारी पैशावर गेलेल्यांना ती अजूनही लागू शकते.

एच-३ हाही प्रशिक्षणाचाच व्हिसा, पण तिथं ‘हे शिक्षण भारतात मिळत नाही’ असं सिद्ध करावं लागतं. विम्याबाबत ते कसं सिद्ध करणार?

शाहूपुरीकर

@मधल्या_आळीचा, इथं मी चुकलो. शीर्षकात ‘नसते’ लिहिलं, ते अमेरिकेपुरतं मागं घेतो. पण यजमान कंपनी कशी मिळवली? ओळख?

मधल्या_आळीचा

ओळखच. पुण्यातल्या ज्या बॅक ऑफिसात मी त्यांच्या फाईली करायचो, तिथल्याच पलीकडच्या टीमनं बोलावलं. अनोळखी माणसाला कुणी यजमान होत नाही, हे तुझ्या बाजूनं लिहून ठेव.

निवृत्त_शाखाधिकारी

सर्व प्रतिसाद वाचले. तेहतीस वर्षं सरकारी विमा कंपनीत काढली, त्यामुळं थोडं लांबण लावतो, सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे व्हिसाचं बोलताय, अंडररायटिंगचं कोणीच नाही. शाहूपुरीकर, २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि दिवसेंदिवस वाहतूक बंद राहिली. तेव्हा तुम्ही नोकरीत नव्हता. त्याआधी २००५, त्यानंतर २०२१. या तीन पुरांत कोणत्या कारखान्याचं जोतं किती उंच, भट्टीचा इलेक्ट्रिकल पॅनेल कुठल्या पातळीवर, पाणी ओढ्याकडून शिरतं की नदीकडून, हे ज्यानं स्वतः बघितलं तो माणूस लंडनच्या माणसाला हवा असतो. पूर हा आज सगळ्या जगाचा प्रश्न आहे. तुमच्या सीव्हीत यातलं काय आहे? ‘फायर पॉलिसी प्रोसेस केल्या’ एवढंच असेल तर सात उत्तरं आली हेच जास्त.

दुसरं म्हणजे परीक्षा. मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची असोसिएटशिप, फेलोशिप करा. लंडनच्या चार्टर्ड इन्शुरन्स इन्स्टिट्यूटकडं अर्ज केला तर आधीच्या शिक्षणाचं काही श्रेय मिळू शकतं, सगळं पहिल्यापासून करावं लागत नाही. कॅनडाचा विचार असेल तर तिथं अंडररायटरच्या कामाला स्वतःचा कोड आहे, १२२०२, आणि एक्सप्रेस एन्ट्रीला, म्हणजे गुणांवर कायमचं राहायला घ्यायच्या त्यांच्या योजनेला, मालकाचा स्पॉन्सर लागतच नाही. मार्च २०२५ पासून जॉब ऑफरचे जादा गुणही काढून टाकले, म्हणजे त्यासाठी खोट्या ऑफरा विकत घ्यायचंही कारण उरलं नाही.

आणि बावडेकरांना एक. शेतावर कर्ज काढायचा सल्ला इथं वाचणाऱ्या बावीस वर्षांच्या पोराला देऊ नका. तुमचं फिटतंय, आनंद आहे.

थेम्सकाठचा बावडेकर

साहेब, मी सल्ला नाही दिला, माझं सांगितलं. पण ‘इथंच घासा’ हाही सल्लाच आहे, आणि त्याचीही किंमत असते. माझ्या बॅचचे तिघं घासत राहिले. पस्तिशी उलटली, लग्नं झाली, आईवडील थकले, आता तयार माल असूनही निघता येत नाही. वयाचं व्याज कुणी धरत नाही. कॅनडाच्या गुणांतही तिशीनंतर वयाचे गुण उतरतातच की.

कागलची सून, मुक्काम दुबई

हे मात्र खरं आहे. बायकांना तर हे व्याज चक्रवाढ लागतं.

शाहूपुरीकर

हा मुद्दा लागला. घरात परवाच आईनं विचारलं, ‘जातोस का राहतोस, एकदा सांगून टाक, म्हणजे वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा का नाही ते कळेल.’

मत पूर्ण बदललेलं नाही. अनुभव नसलेल्याला घरबसल्या, व्हिसासकट ट्रेनीची जागा मिळते, हे अजूनही मला खोटंच वाटतं. पण दहाचे पाच करतो. आखात आधी, लंडन नंतर. साहेब, गेल्या वर्षी मी एका फाउंड्रीची पुराच्या पातळीची पाहणी करून प्रीमियम वाढवायला सांगितला होता, वरून नकार आला. ती केस सीव्हीत घालावी का? नाकारलेली आहे म्हणून विचारतो.

निवृत्त_शाखाधिकारी

तीच पहिली घाला. गिऱ्हाईकाचं नाव न घेता, जोत्याची उंची आणि तुमची कारणं लिहा.

आणि येत्या रविवारी ताराबाई पार्कात घरी या. फेलोशिपची पुस्तकं धूळ खात पडली आहेत, घेऊन जा. फायर टॅरिफचं, म्हणजे आगविम्याच्या ठरवून दिलेल्या दरांचं, जुनं पुस्तक तेवढं मागू नका. २००७ ला टॅरिफ गेलं तेव्हापासून त्याचा काही उपयोग नाही, पण ते मी ठेवून घेणार आहे.