मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ, १०८० टीआय, ३०६० की ४०६०? आकडे उलटेच पळताहेत

नमस्कार मंडळी,

मी घरून इंटिरियरचं काम करते. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये किचन-हॉलचे रेंडर (तयार चित्रं) काढणं रोजचंच. पीसी २०१८ सालचा: आय५-८४००, बी३६० बोर्ड, १६ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) आणि ६ जीबीवालं जीटीएक्स १०६०. इतकी वर्षं निभावलं. गेल्या आठवड्यात एका क्लायंटला लाकडाच्या रेषासुद्धा दिसायला हव्या होत्या, म्हणून सगळीकडे ४के टेक्श्चर (पृष्ठभागावर चढवायची चित्रं) लावले. रेंडर सुरू केला आणि जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपल्याचा मेसेज! टेक्श्चर २के केले तेव्हा कुठे चित्र निघालं.

आता तीन माणसं तीन कार्डं सांगताहेत. दुकानदार म्हणतो, "ताई, जुनं १०८० टीआय घ्या, तेव्हाचं सगळ्यात भारी." भाचा म्हणतो, "मावशी, जुनं काही घेऊ नकोस, नवं ४०६० घे." मैत्रिणीचा नवरा त्याचं १२ जीबीचं ३०६० विकायला बसलाय. वहीत मांडून बघितलं ते असं:

जीटीएक्स १०८० टीआय (२०१७): ३५८४ कोर, ११ जीबी, ३५२ बिट बस (मेमरीकडे जाणारी वाट), मेमरीचा वेग सेकंदाला ४८४ जीबी, २५० वॉट
आरटीएक्स ३०६० (२०२१): ३५८४ कोर, १२ जीबी, १९२ बिट, ३६० जीबी, १७० वॉट
आरटीएक्स ४०६० (२०२३): ३०७२ कोर, ८ जीबी, १२८ बिट, २७२ जीबी, ११५ वॉट

वरून खाली वाचत आलं की कोर, बस, वेग, सगळं घटतंच! मग नवं कार्ड चांगलं कशाच्या जोरावर? आणि पहिल्या दोघांचे कोर अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत सारखे कसे? मी काही चुकीचं उतरवलंय का?

प्रतिसाद १

उतरवलंय बरोबर. फक्त यातले अर्धे रकाने दोन पिढ्यांमध्ये एकमेकांशी ताडून बघायचेच नसतात.

कोरांचं आधी. पहिल्या दोन्ही कार्डांत २८ एसएम (कोरांचे गट) आणि प्रत्येकात १२८ कोर, म्हणून ३५८४. निव्वळ योगायोग. मोजायची पद्धतही मध्येच बदलली आहे. २०६० वर १९२० कोर लिहिलेले असत, ३०६० वर एकदम ३५८४. कारण आधीच्या पिढीत पूर्णांकांच्या गणितासाठी जी वेगळी वाट होती, ती ३०च्या मालिकेत दशांशाचं गणितही करायला लागली आणि कंपनीने तीही मोजली. २०६० पेक्षा ३०६० दुप्पट वेगाने पळतं असं कुणाच्याही अनुभवाला आलेलं नाही.

तुमच्या कामाची गोष्ट त्या वहीत नाहीच. ३०६० मध्ये प्रत्येक एसएममागे एक आरटी कोर आहे. प्रकाशाचा किरण कुठे आदळतो हे शोधणं एवढंच त्याचं काम, आणि सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) रेंडर म्हणजे दुसरं काय असतं! १०८० टीआय हे साध्या कोरांकडूनच ओढून घेतं. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये कुडाऐवजी (साध्या कोरांवर रेंडर) ऑप्टिक्स (आरटी कोर वापरणारा पर्याय) निवडा, फरक स्वतः बघाल.

आता बस. बसची रुंदी गुणिले मेमरीचा वेग भागिले ८, हा साधा हिशोब. ३५२ × ११ ÷ ८ = ४८४. १२८ × १७ ÷ ८ = २७२. म्हणजे ४०६० खरंच मागे आहे. पण त्यात २४ एमबी एल२ कॅश (चिपवरचीच छोटी, वेगवान मेमरी) आहे, १०८० टीआयमध्ये जेमतेम पावणेतीन. वारंवार लागणारं चिपवरच सापडलं की मेमरीकडे फेऱ्या कमी होतात. नवीन ५०६० बघा, बस तीच १२८ बिट, पण जीडीडीआर७ या नव्या जातीच्या मेमरीमुळे ४४८ जीबीपर्यंत पोचलंय.

पण ताई, कॅश कितीही असो, ८ जीबीचे १२ होत नाहीत. ४के टेक्श्चर म्हणजे ४०९६ × ४०९६ पिक्सेल, प्रत्येकी ४ बाइट: ६४ एमबी. एका लाकडाला रंग, रफनेस (खरखरीतपणा) आणि नॉर्मल (बारीक उंचसखलपणा) असे तीन मॅप, म्हणजे तीन टेक्श्चर, धरा. असे पंधरा मटेरियल लावले की पावणेतीन जीबीच्या वर गेलात, भूमिती अजून बाकी आहे. १२ जीबीवालं घ्या.

प्रतिसाद २

१०८० टीआयची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. माझ्याकडे अजून आहे, १४४०पीवर खेळतो, तक्रार नाही. पण तुम्हाला घ्या म्हणणार नाही. एनव्हिडियाने पास्कल (१०८० टीआयची पिढी) कार्डांचे नेहमीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, तेही २०२८ पर्यंत. कुडा १३ मधूनही पास्कल बाहेर. शिवाय त्याला ८ पिन आणि ६ पिन अशा दोन वायरी लागतात. कॅबिनेट उघडून एसएमपीएसला काय आहे ते बघा आधी.

प्रतिसाद ३

४०६० पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्ड जोडणारा मार्ग) आठच लेन वापरतं. बी३६० बोर्ड पीसीआयई ३.० चा, म्हणजे ४.० च्या निम्मा वेग. मेमरीत मावलं तर जाणवणार नाही, मावलं नाही तर रडवेल. आणि भाच्याला विचारा, तो किचनचे रेंडर काढणार आहे की गेम खेळायला मावशीकडे येणार आहे?

धागाकर्ती

भाच्याचा डाव उघडकीला आणल्याबद्दल आभार! कॅबिनेट उघडलं. ६+२ पिनची एकच वायर आहे, म्हणजे १०८० टीआय बाद. एक विचारायचं राहिलं: जाहिरातीत एक ३०६० दिसतंय, मैत्रिणीच्या नवऱ्यापेक्षा तीन हजारांनी स्वस्त. तिथलं घेऊ?

प्रतिसाद १

थांबा! मेमरी किती ते विचारलंत का? ३०६० ची ८ जीबीचीही आवृत्ती आहे. नाव तेच, कोर तेवढेच, बस मात्र १२८ बिट आणि वेग २४० जीबी. तुमच्या १०६० च्या वेळीही हेच झालं होतं, ३ जीबीवाल्यात कोरही ११५२ च होते. कुणाचंही घ्या, पैसे द्यायच्या आधी जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून मेमरी आणि बस विड्थ स्वतः वाचा, आणि तुमचीच फाइल अर्धा तास रेंडरला लावा. एसएमपीएससाठी कंपनी ५५० वॉट सांगते. तुमचा आय५ ६५ वॉटचा आहे, त्यामुळे चांगल्या ब्रँडचा ४५० चालून जाईल. बिनब्रँडचा असेल तर आधी तो बदला.

धागाकर्ती

जाहिरातवाला ८ जीबीचाच निघाला. "गेमिंगला काय फरक पडतो मॅडम" म्हणाला.

मैत्रिणीच्या घरी पेन ड्राइव्ह घेऊन गेले. जीपीयू-झेडमध्ये १२२८८ एमबी, १९२ बिट. तीच किचनची फाइल, ४के टेक्श्चरसकट, ऑप्टिक्सवर लावली आणि चहा संपायच्या आत चित्र हातात! कार्ड घरी आणलंय, पण लांबीला इतकं आहे की हार्ड डिस्कच्या जाळीला टेकतंय. जाळीचे दोन स्क्रू मागच्या बाजूने आहेत, तिथे स्क्रूड्रायव्हर जात नाही. मदरबोर्ड न काढता ती जाळी कुणी काढली आहे का?