मुलाला न सांगता त्याचा फोन बघावा का?

कांजुरकर
शेजारच्या शाळेबाहेर नववीतल्या दोन पोरांकडे व्हेप, म्हणजे ई-सिगारेटी सापडल्या. झालं, रात्री सोसायटीच्या ग्रुपवर एकांनी मुलांच्या फोनवर गुपचूप नजर ठेवणाऱ्या अॅपची लिंक टाकली आणि झोपेपर्यंत अंगठ्यांची रांग लागली. माझा विरोध आहे. मुलांचे हक्क वगैरे बाजूला ठेवा, मला त्याचा उपयोगच दिसत नाही. पंधरा वर्षांचं पोर दुसरं अकाउंट उघडतं, मित्राच्या फोनवरून बोलतं. आणि आईबाप चोरून वाचतात हे एकदा कळलं, की खरोखर गळ्याशी येईल तेव्हा ते आपल्याकडे येणार नाही.

रजनी_बोरिवली
दादा, सकाळी ७:४० ची लोकल पकडते, घरी यायला आठ वाजतात. मग कुकर, डबे, सासूबाईंची औषधं. 'मुलांशी संवाद साधा' म्हणणाऱ्यांनी तो कधी साधायचा तेही सांगावं. अॅप मला दहा मिनिटांत सांगतं की पोरगा कुणाशी काय बोलतोय. आणि व्हेपला बिडीसारखा वास येत नाही हो. पेन ड्राइव्हसारखं दिसतं, आंबा नाहीतर पुदिन्याचा गोड वास. दप्तरात असलं तरी आपल्याला कळायचं नाही. २०१९ पासून विक्रीला बंदी आहे म्हणे. बंदी आहे, माल पण आहे.

गिरगावचा_नाना
आमच्या वेळी चाळीतला कुणीही कान पिळायचा. अॅप लागत नव्हतं.

कांजुरकर
नाना, तेव्हाही पोरं गच्चीवर जाऊन ओढायचीच की.

माधवी_लालबाग
आमचं वन रूम किचन. मुलीला कपाटातला एक कप्पा, तोही भावाबरोबर अर्धा. तिला दार लावून बसायला जागाच नाही, फोन हीच तिची खोली. तिथेही मी शिरले तर ती जाणार कुठे? रात्री अकराला फोन बाहेर चार्जिंगला लावायचा, एवढा नियम आहे, आणि तो आम्हा दोघांनाही लागू आहे. (नवऱ्याला तो जास्त जड जातो.)

शाळेतली_ताई
मी शाळेत समुपदेशन करते. बरेच पालक फोन बघतात आणि समोर बसलेलं मूल बघायचं राहून जातं. मे महिन्याच्या घामात पूर्ण बाह्यांचा शर्ट न काढणारी मुलगी, रोज क्रिकेटला जाणारा मुलगा दोन आठवडे खालीच न उतरणं, आवडती बॅट अचानक कुणाला देऊन टाकणं, 'मी नसलो तर बरं' असं हसत म्हणणं. यातलं काही दिसलं तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. 'हो' म्हणालं तर भाषण देऊ नका, मुलाला एकटं सोडू नका, घरातल्या औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. मुंबईत केईएम, सायन, नायर या तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाची भीती असेल तर फोनही बघा, पण त्याला सांगून.

रजनी_बोरिवली
म्हणजे शेवटी बघायचाच ना!

शाळेतली_ताई
आग लागल्यावर दार तोडतात, म्हणून रोज तोडत नाहीत ना.

ठाण्याचा_सायबरवाला
माझ्या ओळखीतल्या एका घरात घडलेलं सांगतो. सोळा वर्षांचा मुलगा, मुलीच्या नावाचं खोटं प्रोफाइल, दोन दिवस गोड गप्पा, मग फोटो मागितला. फोटो गेल्यावर पाच मिनिटांत त्याच्या फॉलोअर्सच्या यादीचा स्क्रीनशॉट आला: 'पैसे टाक, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.' वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी रागाच्या भरात फोन भिंतीवर आपटला. पुरावा तिथेच गेला. असं झालं तर पैसे देऊ नका, ते पुन्हा मागतात. चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट, प्रोफाइलची लिंक आणि यूपीआय आयडी जपून ठेवा, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन करा. मूल अठराच्या आतलं असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागतो. २०१२ च्या या कायद्यात मुलाचा जबाब त्याच्या घरी, साध्या वेशातल्या पोलिसांनी घेण्याची तरतूद आहे. माध्यमांत ओळखही उघड करता येत नाही. बदनामीच्या भीतीने लोक इथेच थांबतात.

रजनी_बोरिवली
बघा! अॅप असतं तर त्या बापाला पहिल्याच दिवशी कळलं असतं.

कांजुरकर
आणि फोन पहिल्याच दिवशी आपटला असता. बरं, तुमच्या मुलाला माहीत आहे का अॅप टाकलंय ते?

रजनी_बोरिवली
प्रिलिम होऊ दे, मग सांगते.