कालीघाटच्या मांजराला काय म्हणावं: व्यंगचित्र, व्यंग्यचित्र की आणखी काही?

प्रश्न: कोलकात्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या कालीघाट पटचित्रांवर लेख लिहिते आहे. त्यात एक मांजर आहे: कपाळी वैष्णव टिळा, तोंडात कोळंबी. याला 'व्यंगचित्र' म्हणायला जीव होत नाही. व्यंग म्हणजे शरीरातली उणीव ना? 'व्यंग्यचित्र' लिहू का?

उत्तर: व्युत्पत्तीनं तुमचं बरोबर आहे. स्थळ बघताना 'मुलीत काही व्यंग नाही ना?' असं अजून विचारतात, तेच हे व्यंग. 'व्यंग्य' म्हणजे व्यंजनेनं सुचवलेला अर्थ, आणि या मांजराला तो चपखल बसतो. पण मराठीत 'व्यंगचित्र' इतकं रुळलंय की नुसता 'य' जोडला तर वाचकाला मुद्रणदोष वाटेल. 'अर्कचित्र' नको, त्याला ठरावीक माणसाचा चेहरा लागतो. 'हास्यचित्र' शि. द. फडणिसांच्या चित्रांना शोभतं. तिथलं हसू निर्मळ असतं, इथे डंख आहे. मी 'उपरोधचित्र' लिहीन.

आणखी एक मत: मांजरापुरतं मान्य, पण सगळ्या कालीघाट पटांना तो शब्द सरसकट लावू नका, ताई. हे पट रंगवणाऱ्या त्याच पटुआंनी बाबूचं, म्हणजे शहरातल्या छानछोकी पुरुषाचं, मेंढरू करून त्याला दोरीनं ओढत नेणारी बाईही रंगवली. मांजरात सोवळेपणाचा आव उघडा पडतो. मेंढराच्या चित्रात बाई डोईजड होईल ही पुरुषांची धास्ती आहे. ते रूढीला जाब विचारत नाही, उलट तिचीच पाठराखण करतं. त्याला 'टवाळी' म्हणावं. कोण कुणाला हसतंय हे शब्दातून कळायलाच हवं, नाहीतर 'समाजावर भाष्य' या गोड नावाखाली दोन्ही एकाच माळेत ओवली जातात, आणि हे मला फार खुपतं.

प्रश्नकर्ती: पटलं. मग बंगालचे चित्रकार गगनेंद्रनाथ ठाकूर? १९१७ च्या सुमाराच्या त्यांच्या शिळाछाप चित्रांत जातिव्यवस्थेचं जातं माणसं भरडताना दिसतं. 'उपरोध' तिथे तोकडा वाटतो.

उत्तर: हो, तोकडाच आहे. उपरोधात बोलणं तिरकं असतं, आणि ते चित्र सरळ अंगावर येतं. त्याला 'प्रहारचित्र' म्हणता येईल. शब्द कोशातला नाही, पण 'शब्दांचे प्रहार' आपण सर्रास म्हणतो, त्यामुळे अर्थ सांगत बसावं लागणार नाही. मांजराला मात्र पहिल्या उल्लेखात 'उपरोधिक व्यंगचित्र' लिहा, पुढे 'उपरोधचित्र' चालेल.