शाळेतला सायन्स क्लब, हरित सेना: तुम्ही स्वतः काय मोजलं?

पोरगी यंदा आठवीत गेली, शाळेच्या पर्यावरण मंडळाची वही घेऊन घरी आली आणि मला आमचे दिवस आठवले. झाड लावताना काढलेले फोटो सगळ्यांकडंच असतील, ते नकोत. क्लबमुळं स्वतःच्या हातानं काय मोजलं, काय तपासलं ते सांगा, कोल्हापूरकरांनी तर सांगाच.

माझ्यापासून सुरू करतो. सर आम्हाला शनिवारी सकाळची शाळा सुटली की पंचगंगेवर न्यायचे. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा म्हणून बाटलीत एक बुडबुडा जरी राहिला तरी परत भरायला लावायचे, हवा आत राहिली की आकडा चुकतो. काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, ऑक्सिजन असला की तपकिरी साका बसतो. एप्रिलात जयंती नाल्याच्या तोंडाजवळचं पाणी घेतलं तर साका जवळजवळ पांढराच राहिला. मैल्यातले जिवाणूच सगळा ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि मासा गुदमरतो, हे त्या पांढऱ्या साक्यानं जे कळलं ते पुस्तकातनं कधी कळलं नव्हतं.

*

मी पेठेतल्या शाळेची. आमचा शून्य सावली दिवस! कोल्हापुरात सूर्य वर्षातनं दोनदा बरोब्बर डोक्यावर येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात आणि परत ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टात ढगच असतात, मेमध्ये शाळेला सुट्टी, मग बाईंनी सुट्टीतच ग्राउंडवर बोलावलं. आम्ही बाराला पाइप उभा करून बसलो तर सावली आहेच की! ती गेली साडेबाराच्या सुमारास. घड्याळातले बारा प्रयागराजजवळनं जाणाऱ्या रेखांशाचे, आपण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला, म्हणून आपली खरी दुपार उशिरा होते, हे बाईंनी तिथंच मातीत काढून दाखवलं. मी आता भूगोल शिकवते, त्याचं मूळ त्या दुपारीच आहे.

*

आमी चिखलीचे, प्रयाग संगमाजवळचे. क्लबमध्ये पर्जन्यमापक होता आणि रोज पेपरातनं राजाराम बंधाऱ्याची पातळी उतरवून घ्यायचं काम माझ्याकडं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका हे आमच्याकडं लहान पोरालाबी पाठ असतंय, पण गावात पाऊस उघडला तरी पाणी का चढतंय ते मला आलेखावर दिसलं. राधानगरी-गगनबावड्याकडं जोर असला की ते पाणी आपल्याकडंच येणार, त्यात राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपसूक उघडतात. 2019 ला पातळी 55 फुटांच्या पुढं गेली. वडील थांबूया म्हणत होते, मी वही दाखवली, वर अजून पाऊस चालूच आहे म्हटलं, आणि त्याच रात्री जनावरं सोडून वर नेली. वही घरातच राहिली ओ, भिजून लगदा झाला तिचा. तेवढं एक अजून मनात आहे.

*

आम्ही गणपतीनंतर प्लास्टरच्या छोट्या मूर्तीवर प्रयोग केला. साध्या पाण्यात ती आठवडाभरानंतरही तशीच. दुसऱ्या बादलीत अमोनियम बायकार्बोनेट घातलं, बेकरीवाले वापरतात तेच, रोज ढवळलं, वास लई येतो म्हणून बादली गच्चीवर. मूर्ती विरघळली, खाली खडूचा गाळ आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट, म्हणजे खतच. त्यात भरपूर पाणी मिसळून झाडांना घातलं.

*

हे वाचून वाईट वाटतंय, माझ्या शाळेत क्लब फक्त कागदावर होता. तीन वर्षं सभासद होते, लॅबचं कुलूप दोनदा उघडलेलं बघितलं. आता मुलगा नववीत आहे. धागाकर्ते दादा, ती ऑक्सिजनची टेस्ट शाळेत करता येईल का?

*

येईल की ताई. पुढचा भाग असा, साका बसला की सल्फ्युरिक ॲसिड घालून विरघळवायचा, मग थोडा स्टार्च, आणि निळा रंग जाईपर्यंत थायोसल्फेट थेंब थेंब. स्टार्चला आम्ही भाताची पेज गाळून वापरायचो. ॲसिड मात्र सरांनीच घालायचं, पोरांच्या हातात द्यायचं नाही.